स्कॅनर घेतला, चालू केला, आणि नुसती खरखर? मग हे वाचा

पहिल्यांदा हँडहेल्ड रेडिओ स्कॅनर, म्हणजे इतरांचं वायरलेसवरचं बोलणं ऐकवणारा छोटा सेट, हातात घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला अर्धा तास सारखाच जातो. बॉक्स फोडायचा, बॅटऱ्या टाकायच्या, बटण दाबायचं, आणि मग एकतर कान किटतील अशी खरखर नाहीतर एकदम स्मशानशांतता. डोक्यात चित्र असं असतं की चालू केला रे केला की पायलट, जहाजवाले, रेल्वेवाले सगळे धडाधड बोलायला लागणार. तसं काही होत नाही, आणि मग माणूस दोन दिवसांत कंटाळून तो सेट कपाटात टाकून देतो.

मी स्वतः पहिले दोन दिवस शांततेतच काढलेत. स्क्वेल्चचं बटण मी न कळत पार शेवटच्या टोकाला फिरवून ठेवलेलं, आणि इकडे मी मॅन्युअलची पानं उलटतोय, बॅटऱ्या बदलतोय, अँटेना काढून परत लावतोय, सेटच फॉल्टी दिसतोय म्हणून परत पाठवायच्या तयारीत बसलोय. काखेत कळसा नि गावाला वळसा. शेवटी घरातल्या एका लहान पोराने खेळता खेळता ते बटण उलटं फिरवलं आणि खोलीभर आवाज घुमला. स्क्वेल्च म्हणजे काय ते पुढे येतंच, आधी मला जे एकच सांगायचंय ते सांगून टाकतो: सुरुवातीला एकच बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा एकच पट्टा, निवडा, दहा-बारा चॅनल भरा आणि काही आठवडे तेवढंच ऐका. पहिल्याच दिवशी पाचशे चॅनल भरून बसलात तर काहीही पदरात पडणार नाही. का ते समजायला आधी हे यंत्र करतं काय ते बघू.

आपला नेहमीचा एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात ऐकतो आणि तिथली स्टेशनं दिवसभर अखंड बडबडत असतात, एकदा लावलं की काम झालं. पण वॉकीटॉकीवर काम करणारी माणसं तशी बोलत नाहीत. विमानतळाचा टॉवर पाच सेकंद बोलतो, पायलट चार सेकंदात उत्तर देतो, आणि पुढची दहा मिनिटं कुणी काही बोलेल याची खात्री नाही. त्यात प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी वेगळी. म्हणजे एक लांबलचक व्हरांडा आहे, दोन्ही बाजूंना शेकडो बंद दारं आहेत, कुठल्या तरी दाराआड मधूनच कुणीतरी दोन वाक्यं बोलतं आणि गप्प होतं. स्कॅनर हा त्या व्हरांड्यातून पळणारा माणूस. प्रत्येक दाराला क्षणभर कान लावतो, आत शांत असेल तर पुढे, आवाज असेल तर थांबतो. बरेच स्कॅनर सेकंदाला पन्नास ते शंभर दारं अशी तपासतात. बोलणं संपलं की लगेच पळत नाही, दोनेक सेकंद रेंगाळतो, कारण उत्तर बहुतेक वेळा त्याच दाराआडून येणार असतं, या रेंगाळण्याला डिले म्हणतात आणि तो चालूच ठेवायचा.

आणखी एक, स्कॅनर फक्त ऐकतो, बोलू शकत नाही. हे काहींना कमीपणाचं वाटतं पण नवशिक्यासाठी हाच त्याचा मोठा गुण आहे, तुमच्या हातून चुकून कुणाच्या कामात व्यत्यय येऊच शकत नाही. पूर्वीच्या स्कॅनरमध्ये तर प्रत्येक चॅनलसाठी वेगळा क्रिस्टल आणून आत बसवावा लागायचा, आठ चॅनल हवेत तर आठ क्रिस्टल. आता आकडे टाइप केले की झालं, आणि त्यामुळेच लोक वाट्टेल तेवढे टाइप करत सुटतात.

आता स्क्वेल्च. रिसिव्हरला सिग्नल नसतानाही काहीतरी ऐकू येतच असतं, हवेतला आणि सर्किटचा स्वतःचा गोंगाट, तीच ती खरखर. स्क्वेल्च म्हणजे दाराचा उंबरठा समजा. जो सिग्नल त्या उंबरठ्यापेक्षा उंच पाऊल टाकेल तोच आत येईल, बाकी सगळं बाहेर. उंबरठा अगदी जमिनीला टेकवला तर खरखर आत येते आणि स्कॅनरला वाटतं इथे कुणीतरी बोलतंय, तो तिथेच अडकून बसतो, पुढे जातच नाही. उंबरठा छातीएवढा उंच केला तर जवळचा दणदणीत सिग्नल सोडून कुणीच आत येत नाही, म्हणजे माझे ते दोन दिवस. बरोबर पद्धत अशी की जिथे कुणी बोलत नाहीये अशा फ्रिक्वेन्सीवर थांबा, बटण पूर्ण उलटं फिरवा म्हणजे खरखर सुरू होईल, मग हळूहळू वाढवत न्या, खरखर जिथे बंद पडेल तिथून केसभर पुढे, आणि हात काढा. काही सेटमध्ये फिरवायचं बटण नसतं, मेनूत शून्य ते पंधरा असे काहीतरी आकडे असतात, युक्ती तीच. आणि हे एकदा करून विसरायचं काम नाही, जागा बदलली, अँटेना बदलली की परत बघायचं.

पहिला बँड कुठला? माझं उत्तर डोळे झाकून एअरबँड, म्हणजे विमानांचं बोलणं. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ. जगभर हाच पट्टा, भाषा बहुतेक ठिकाणी इंग्रजी, बोलायची पद्धत ठरलेली, आणि मुख्य म्हणजे आजही साधं ॲनालॉग, कुलूपबंद नाही. तुमच्या सेटमध्ये इथे मोड, म्हणजे आवाज लहरीवर चढवायची पद्धत, एएम असला पाहिजे. बरेच स्कॅनर हे आपोआप करतात पण हाताने सेट करायची वेळ आली आणि तुम्ही एफएम ठेवलात तर आवाज फाटका, दबका येईल आणि तुम्ही उगाच अँटेनाला दोष द्याल.

एएम का, हा प्रश्न मला पण पडला होता, कारण एफएमचा आवाज तर जास्त स्वच्छ असतो. एक कारण म्हणजे सुरुवातच एएमने झाली आणि जगभरातली सगळी विमानं एकदम बदलणं सोपं नाही. पण दुसरं कारण जास्त भारी आहे. एफएममध्ये दोघे एकदम बोलले तर ज्याचा सिग्नल जोरात तो दुसऱ्याला पूर्ण गिळून टाकतो, ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही की दुसरा कुणी बोलत होता. एएममध्ये दोघांचे सिग्नल एकमेकांवर आपटून एक घाणेरडी किंचाळी ऐकू येते. जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरला लगेच समजतं की दोन जण एकदम बोललेत, परत विचारायला पाहिजे. जिथे एखादा मदत मागणारा आवाज दबून जाणं परवडणारं नाही, तिथे ती किंचाळीच कामाची.

एअरबँडची दुसरी मजा म्हणजे अंतर. या फ्रिक्वेन्सी साधारण डोळ्याला दिसेल तेवढ्याच टप्प्यात चालतात, पृथ्वी गोल असल्याने क्षितिजाआड गेलं की संपलं. ढोबळ हिशोब असा, अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, तेवढे किलोमीटर. दोन्ही टोकांचं वेगवेगळं काढून बेरीज करायची. तुम्ही गच्चीवर नाही, जमिनीवरच उभे आहात, सेट दोन मीटरच्या आत, म्हणजे तुमच्या वाट्याला सहाएक किलोमीटर. टॉवरची अँटेना तीस मीटरवर असेल तर त्याचे बावीस-तेवीस, एकूण अठ्ठावीस-एकोणतीस, ते पण मध्ये बिल्डिंग, डोंगर काही नसेल तर. पण विमान दहा हजार मीटरवर उडतंय, वर्गमूळ शंभर, म्हणजे चारशे बारा किलोमीटर! म्हणून होतं काय की पायलट स्वच्छ ऐकू येतो आणि तो ज्याच्याशी बोलतोय त्या कंट्रोलरचा पत्ताच नसतो. नवीन माणसाला वाटतं सेट अर्धाच चालतोय. सेट ठीक आहे, तो दुसरा माणूस तुमच्या क्षितिजाखाली आहे.

आणि एक बाजू ऐकू येत नाही म्हणून फार काही बिघडत पण नाही, कारण पायलटला मिळालेली महत्त्वाची सूचना त्याने परत म्हणून दाखवायची असा नियम आहे, त्याला रीडबॅक म्हणतात. कंट्रोलरने काय सांगितलं ते पायलटच्या तोंडून तुम्हाला आपोआप कळतं. त्यातही सोन्याची खाण म्हणजे निरोपाचं वाक्य. विमान एकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाताना कंट्रोलर त्याला पुढची फ्रिक्वेन्सी देतो आणि पायलट ती मोठ्याने परत म्हणतो. म्हणजे तुम्हाला एक फ्रिक्वेन्सी माहिती असली की शेजारची तो पायलटच सांगून जातो! लिहून घ्या, स्कॅनरमध्ये टाका, विमानाच्या मागे मागे तुम्ही पण पुढच्या चॅनलवर. माझ्या यादीतली निम्मीअधिक चॅनल मी अशीच गोळा केलीत, आयत्या यादीपेक्षा ही डोक्यात पक्की बसतात.

विमानतळ जवळ असेल तर पहिली फ्रिक्वेन्सी एटीआयएसची शोधा. हे एक रेकॉर्ड केलेलं निवेदन असतं, वारा कुठून, ढग किती, कुठली धावपट्टी चालू, हवेचा दाब किती, हे सगळं न थांबता पुन्हा पुन्हा वाजत राहतं, आणि माहिती बदलली की त्याचं अक्षर बदलतं, अल्फा मग ब्राव्हो मग चार्ली असं. ऐकायला तसं रटाळ आहे, पण ते अखंड चालू असल्यामुळे तुमचा सेट, अँटेना, स्क्वेल्च सगळं ठीक आहे का ते तपासायला यापेक्षा चांगलं काही नाही. खोलीतली कुठली जागा बरी, अँटेना कशी धरली की आवाज सुधारतो, हे सगळं त्यावर बघून घ्यायचं. फक्त ते स्कॅनच्या यादीत ठेवू नका, नाहीतर व्हरांड्यातला माणूस त्या दारापाशी जाऊन बसेल आणि उठायचाच नाही. अशा चॅनलला वगळायचं बटण असतं, लॉकआउट, ते दाबा.

भाषेची सवय व्हायला दोनेक आठवडे लागतात, त्याआधी सगळं एका दमात म्हटलेल्या मंत्रासारखं वाटतं. थोडे शब्द आधीच माहिती असले की बरं पडतं. रॉजर म्हणजे फक्त ऐकलं, त्याचा अर्थ हो असा नाही, हो साठी अफर्म. विल्को म्हणजे सांगितलंत तसं करतो. नऊला नाइनर म्हणतात, तीनला ट्री, पाचला फाइफ, म्हणजे खरखरीत पण आकडे एकमेकांसारखे ऐकू येऊ नयेत. फ्लाइट लेव्हल थ्री फाइव्ह झीरो म्हणजे पस्तीस हजार फूट. १२१.५ मेगाहर्ट्झ ही जगभरची आणीबाणीची फ्रिक्वेन्सी, ती यादीत टाका आणि विसरून जा, बहुतेक वेळा तिथे काही नसतं, आणि जेव्हा असतं तेव्हा बऱ्याचदा कुणीतरी चुकीचं चॅनल लावून बोलत असतो आणि बाकीचे त्याला सांगत असतात की बाबा तू गार्डवर, म्हणजे या आणीबाणीच्या चॅनलवर आहेस.

समुद्र किंवा मोठं बंदर जवळ असेल तर दुसरा बँड मरीन, १५६ ते १६२ मेगाहर्ट्झ, मोड एफएम. चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हाक मारायची आणि संकटाची जागा. जहाजं तिथे एकमेकांना हाक मारतात आणि लगेच दुसऱ्या चॅनलवर गप्पा मारायला जातात, तर चॅनलचा आकडा ऐकून तुम्ही पण जायचं, इथे पण तीच मागे मागे जायची युक्ती. त्याच पट्ट्यात १६१.९७५ आणि १६२.०२५ वर बेडूक ओरडल्यासारखी टरटर येईल, तो जहाजांचा आपोआप जाणारा डेटा आहे, कानाने काही कळायचं नाही, वगळून टाका. समुद्र नसेल तर हा सगळा परिच्छेदच वगळा.

हॅम मंडळी १४४ मेगाहर्ट्झच्या पुढे आणि ४३० च्या पुढे सापडतात. हे हौशी लोक, परीक्षा देऊन लायसन्स घेतलेले, आणि यांच्या गप्पा अँटेना, हवामान आणि पाठदुखी या तीन विषयांभोवती फिरतात असं माझं निरीक्षण आहे. पण शिकायला जागा उत्तम, कारण ते सावकाश, पूर्ण वाक्यात बोलतात आणि सिग्नल कसा येतोय यावरच अर्धा वेळ चर्चा करतात.

आता अँटेना, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अँटेनाने सिग्नल आत आणलाच नाही तर आतलं सर्किट कितीही भारी असो, ते काय ऐकवणार. सेटसोबत येते ती रबराची बुटकी अँटेना ही तडजोड असते, सगळं थोडं थोडं ऐकते, काहीच नीट ऐकत नाही. अँटेनाची लांबी आणि फ्रिक्वेन्सी यांचं नातं सोपं आहे, ७५ ला मेगाहर्ट्झने भागा, पाव लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. एअरबँडसाठी १२० धरा, उत्तर साधारण ६२ सेंटिमीटर. मरीनसाठी ४८. आणि युरोपात ४४६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या त्या बिनपरवान्याच्या छोट्या वॉकीटॉकींसाठी १७ च्या आसपास. म्हणजे बोटभर रबरी अँटेनाने विमानं ऐकणं हे मुळात अर्ध्यावर भागवणं आहे. एक ओढून लांब करता येणारी टेलिस्कोपिक अँटेना घ्या, हव्या त्या बँडनुसार लांबी कमीजास्त करा, फरक लगेच कळतो. घेण्याआधी सेटचं कनेक्टर बघा, बीएनसी आहे की एसएमए, नाहीतर अँटेना येईल आणि बसायचीच नाही. आणि मोठी टेलिस्कोपिक लावून सेट खिशात घालून फिरू नका, तो कनेक्टर मुळातून हलतो.

अँटेना उभी धरायची, आडवी नाही, कारण समोरच्यांच्या पण उभ्याच असतात. पैशापेक्षा उंची जास्त काम करते, खाली हॉलमध्ये सोफ्यावर बसून जे येत नाही ते खिडकीपाशी येतं आणि गच्चीवर तर विचारूच नका. पण एक उलटा प्रकार पण होतो, चांगली अँटेना लावल्यावर ऐकू येणं बिघडतं. जवळपास एफएम प्रक्षेपणाचा टॉवर असेल तर त्याचा प्रचंड सिग्नल आत घुसून सेटला गुदमरवतो, मग विमानांच्या फ्रिक्वेन्सीवर गाणी ऐकू यायला लागतात. अशा वेळी सेटमध्ये ॲटेन्युएटर असेल तर चालू करा, तो येणारं सगळंच कमी करतो, आणि गंमत म्हणजे कमी केल्यावर हवं ते स्पष्ट येतं.

घरातली खरखर वेगळी. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, टीव्ही, राउटर हे सगळे आपापला गोंगाट हवेत सोडत असतात. एखाद्या संध्याकाळी सेट बॅटरीवर ठेवून एकेक दिवा, एकेक चार्जर बंद करत जा, कुणीतरी एक गुन्हेगार सापडतोच. शिवाय काही फ्रिक्वेन्सीवर सेट स्वतःच्याच पोटातला आवाज ऐकून थांबतो, त्याला बर्डी म्हणतात. अँटेना काढल्यावर पण तो आवाज तसाच राहिला तर समजा बर्डी, लॉकआउट करा आणि पुढे चला.

स्कॅन आणि सर्च यात गोंधळ होतो बऱ्याच जणांचा. स्कॅन म्हणजे तुम्ही भरलेल्या चॅनलमधून फेरी. सर्च म्हणजे अमुकपासून तमुकपर्यंत सगळं चाळणं, काय सापडतंय बघणं. सर्चला स्टेप सांगावी लागते, म्हणजे एका पावलात किती पुढे जायचं. एअरबँड ११८ ते १३७, स्टेप २५ किलोहर्ट्झ ठेवली तर ७६० थांबे, सेकंदाला शंभरने गेला तरी एक फेरी साडेसात सेकंदांची. नवीन ८.३३ ची स्टेप घेतली तर थांबे तिप्पट. आणि पायलटचं उत्तर असतं तीन-चार सेकंदांचं. म्हणजे तुमचा माणूस व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला असताना बोलणं होऊन पण जातं. आता कळलं ना मी पाचशे चॅनलला का नाही म्हणत होतो? बारा चॅनल असतील तर फेरी एका सेकंदाच्या आत होते, वाक्याची सुरुवात पण चुकत नाही. खरी अडचण तर वेगाच्या पुढची आहे, पाचशेपैकी दोन-चार चॅनल सतत बोलत असतात, स्कॅनर त्यांच्यापाशीच थांबत राहतो आणि बाकीच्यांची पाळीच येत नाही. आणि थांबला तरी हे कोण बोलतंय, कशाबद्दल, तुम्हाला पत्ता नसतो. बारा चॅनलवाल्याला आवाज ऐकून माणूस ओळखता येतो. मेमरी बँकांमध्ये, म्हणजे कप्प्यांमध्ये, वाटलेली असते, एका बँकेत विमानं, एकीत हॅम असं ठेवा आणि एका वेळी एकच बँक चालू ठेवा. एखादं चॅनल लाडकं असेल तर त्याला प्रायॉरिटी द्या, मग तो व्हरांड्यातला माणूस दर दोनेक सेकंदांनी तिथे डोकावून येतो.

काही चॅनलवर सीटीसीएसएस नावाचा प्रकार दिसेल, बोलण्याखाली सतत वाजणारा बारीक घुमणारा स्वर, ६७ हर्ट्झपासून पुढे, कानाला सहसा जाणवत नाही. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन कंपन्यांची माणसं असली की आपल्या स्वराचं बोलणं तेवढं स्पीकरवर यावं म्हणून ही सोय. याला प्रायव्हसी कोड म्हणून विकतात पण प्रायव्हसी बिल्कुल नाही, स्कॅनरमध्ये तो पर्याय बंद ठेवलात की सगळे ऐकू येतात.

आता वाईट बातमी. स्कॅनर घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात पोलीस-ॲम्ब्युलन्स असतं, आणि आता अनेक देशांत ते ऐकू येत नाही. तीन वेगवेगळ्या भिंती आहेत आणि लोक त्या एकत्र करून टाकतात. पहिली भिंत ट्रंकिंगची. बँकेत पूर्वी प्रत्येक कामाला वेगळी खिडकी असायची, एका खिडकीपुढे रांग आणि शेजारची ओस. मग टोकन आलं, सगळ्यांची एकच रांग, जी खिडकी रिकामी होईल तिकडे पुढचा नंबर. ट्रंकिंग म्हणजे हेच, दहा फ्रिक्वेन्सी आणि पन्नास टोळ्या, कुणाची ठरलेली फ्रिक्वेन्सी नाही, बटण दाबलं की रिकामी मिळते ती. टोकन पुकारणारा म्हणजे कंट्रोल चॅनल, आणि टोळीला टॉकग्रुप म्हणतात. साधा स्कॅनर नुसत्या खिडक्यांकडे बघतो, त्याला पहिलं वाक्य एका फ्रिक्वेन्सीवर आणि उत्तर भलतीकडेच सापडतं, सगळं तुकड्यातुकड्यात. ट्रंकिंगवाला स्कॅनर तो पुकारा ऐकून बरोबर खिडकीवर जातो. दुसरी भिंत डिजिटलची, म्हणजे पी २५, डीएमआर, टेट्रा वगैरे. आवाजाचे आकडे करून पाठवतात, साध्या स्कॅनरला नुसती घरघर येते. त्यासाठी डिजिटल स्कॅनर लागतो, तो बराच महाग असतो, आणि डिजिटल लिहिलंय म्हणून सगळे प्रकार चालतीलच असं नाही, नेमका कुठला प्रकार चालतो ते घेण्याआधी बघा. तिसरी भिंत एन्क्रिप्शनची, म्हणजे बोलणं गुप्त किल्लीने कुलूपबंद करून पाठवण्याची, आणि ती भिंत म्हणजे भिंतच. कुठलाही स्कॅनर, कितीही पैसे टाका, ते उघडत नाही. कुणी उघडतो म्हणाला तर तो तुम्हाला गंडवतोय.

म्हणून खरेदीआधी तुमच्या भागात काय ॲनालॉग उरलंय ते शोधा, मग यंत्र ठरवा. उलटं केलं की उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. आणि त्यासोबत कायदा पण बघा, कारण देशागणिक तो बदलतो. ब्रिटनमध्ये स्कॅनर बाळगायला हरकत नाही पण जे बोलणं तुमच्यासाठी नाही ते मुद्दाम ऐकणं २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने गुन्हा आहे. अमेरिकेत बरंच काही खुलं, पण सेल्युलर फोनच्या फ्रिक्वेन्सी पकडणारे स्कॅनर बनवायला-विकायला १९९४ पासून मनाई आहे. काही देशांत तर यंत्र घरात ठेवायलाच परवाना लागतो. हे आधी तपासा, नंतर नको. आणि ऐकलेलं दुसरीकडे सांगत सुटणं, रेकॉर्ड करून टाकणं, हे ऐकण्यापेक्षा वेगळं आणि बहुतेक ठिकाणी जास्त गंभीर आहे.

स्कॅनर महाग वाटतो म्हणून काही जण स्वस्तातली दोन बँडची वॉकीटॉकी घेतात, त्यात पण स्कॅन लिहिलेलं असतं की. असतं, पण सेकंदाला दोन-चार चॅनल अशा चालीने, एअरबँडचं एएम बऱ्याच सेटमध्ये नाहीच, आणि बाजूला एक बोलायचं बटण असतं जे खिशात दाबलं गेलं तर तुम्ही लायसन्स नसताना हवेत बोलताय. नको. त्यापेक्षा कॉम्प्युटर असेल तर यूएसबीचा एसडीआर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरवर चालणारी रेडिओची काडी, बघा. टीव्ही बघायला बनवलेल्या त्या स्वस्त काडीत रेडिओ लपलाय हे २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं आणि तेव्हापासून तो हौशी लोकांचा लाडका झाला. त्यात अख्खा पट्टा स्क्रीनवर चित्रासारखा दिसतो, कोण कुठे बोलतंय ते डोळ्याने कळतं. शोधायला डोंगल, ऐकत फिरायला हँडहेल्ड, जोडी छान जमते.

बॅटरीबद्दल एवढंच, सेटमध्ये चार्जिंगची सोय असेल आणि तुम्ही साध्या अल्कलाइन बॅटऱ्या टाकल्या असतील तर चार्जर लावू नका, त्या गळतात आणि आतले संपर्क खाऊन टाकतात. काही सेटमध्ये बॅटरीच्या खणात यासाठी एक छोटी कळ असते, ती बघा.

आणि एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती. १४५.८ मेगाहर्ट्झ, एफएम, एका चॅनलमध्ये टाकून ठेवा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचे अंतराळवीर कधीकधी शाळेतल्या मुलांशी हॅम रेडिओवर बोलतात, ते खाली याच फ्रिक्वेन्सीवर येतं. स्थानक चारशेएक किलोमीटर वर, दीड तासात पृथ्वीला एक फेरी, आणि तुमच्या डोक्यावरून जातं तेव्हा जेमतेम दहा मिनिटं. कधी जाणार ते सांगणारी ॲप असतात, आणि शाळांशी बोलायच्या वेळा आधी जाहीर होतात. ती वेळ साधून मोकळ्यावर उभं राहायचं, टेलिस्कोपिक अर्ध्या मीटरपर्यंत ओढायची, आणि यावेळी मात्र स्क्वेल्च पूर्ण उघडा टाकायचा, खरखर चालू. स्थानक येताना त्याची फ्रिक्वेन्सी तीनेक किलोहर्ट्झ वर सरकलेली असते आणि जाताना तेवढीच खाली, पण साध्या एफएमवर तेवढं चालून जातं, बटणांशी खेळू नका. क्षितिजावर येईपर्यंत नुसतीच खरखर, तीच ती पहिल्या दिवशीची. मग ती जरा पातळ होते, मग एकदम बसते, क्षणभर काहीच नाही, म्हणजे वर कुणीतरी बटण दाबलंय पण अजून तोंड उघडलेलं नाही. मुलाचा प्रश्न तुम्हाला ऐकू येणार नाही, तो दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरून आणि बहुतेक तुमच्या क्षितिजापलीकडून गेलेला असतो. उत्तर तेवढं येतं.